ट्रक कॅम्पर घेताय? आधी वजनाचा हिशोब मांडा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचं छोटं घर. त्याला स्वतःची चाकं नसतात, मागे काही ओढावं लागत नाही, आणि हवं तेव्हा चार जॅकवर उचलून ट्रक खालून मोकळा काढता येतो. अरुंद घाटरस्ते, कच्च्या वाटा, गावातलं साधं पार्किंग, जिथे ट्रक जातो तिथे हे घर जातं. अमेरिकेत राहून भटकंती करणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून सोयीचं काही मिळालेलं नाही.

पण आम्ही सुरुवात केली ती आधी कळस, मग पाया अशी. आधी हौसेने ट्रक घेतला, मग कॅम्पर पाहायला गेलो, आणि पसंत पडलेला प्रत्येक कॅम्पर त्या ट्रकला पेलणार नाही असं लक्षात आलं. आठ महिन्यांत तो ट्रक तोट्यात विकून दुसरा घ्यावा लागला. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आम्ही ज्या क्रमाने जायला हवं होतं तो क्रम इथे लिहून ठेवतो आहोत.

१. आधी कॅम्पर ठरवा, ट्रक नंतर

हातात ट्रक असेल तर त्याला पेलेल तेवढाच कॅम्पर घ्यायचा. ट्रक अजून घ्यायचा असेल तर मात्र आधी स्वतःला विचारा: किती जण झोपणार? थंडीत जाणार का? आत उभं राहून आंघोळ हवी की बाहेर फवारा चालेल?

कॅम्पर ढोबळमानाने दोन तऱ्हांचे. पॉप-अपचं छत मुक्कामाला पोचल्यावर वर उचलायचं आणि निघताना खाली बसवायचं. तो हलका, ठेंगणा, वाऱ्याला कमी अडणारा. पण त्याच्या वरच्या भिंती कापडाच्या असतात, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ऊब टिकत नाही आणि रस्त्यावरचा आवाज आत येतो. दुसरा पक्क्या भिंतींचा. त्यात न्हाणीघर, मोठा फ्रीज, ऊब देणारी भट्टी, सगळं येतं आणि त्याबरोबर वजनही येतं. काहींना बाजूला सरकून बाहेर येणारी भिंत असते, तिला स्लाइड-आउट म्हणतात. आत जागा छान होते, पण वजन वाढतं आणि पाणी झिरपायला आणखी एक फट तयार होते. पहिल्या कॅम्परला स्लाइड-आउट घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

सांगाडा कशाचा आहे तेही विचारा. लाकडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा, की फायबरग्लासच्या दोन कवचांचा? दोन कवचांच्या कॅम्परला सांधे फार कमी असतात, आणि पाणी शिरतं ते सांध्यांतूनच. लाकडाचा सांगाडा वाईट नसतो, मात्र त्याच्या छताची देखभाल चुकवून चालत नाही.

२. दाराच्या खांबावरचं लेबल वाचा

या सगळ्या प्रकरणात घोडं अडतं ते वजनापाशी, म्हणून इथे जरा थांबा.

ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. खांबावर टायरच्या माहितीचं एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच त्या ट्रकचा पेलोड. माहितीपत्रकातला आकडा धरू नका. तो त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या ट्रकचा असतो. चार दारं, फोर-व्हील-ड्राइव्ह, छतावरची काच यांतली एकेक गोष्ट तो आकडा खाली आणते. डिझेल इंजिन तर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा दोन-तीनशे किलोंनी जड असतं. एकाच नावाच्या, शेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रकांची लेबलं वेगळी निघतात. ‘हाफ-टन’, ‘वन-टन’ ही नावं जुन्या काळातून आलेली आहेत, त्यांवरून क्षमता कळत नाही.

टाकीभर इंधन त्या आकड्यात आधीच धरलेलं असतं, ते पुन्हा वजा करायचं नाही. माणसं मात्र वजा करायची, ड्रायव्हरसुद्धा.

आता कॅम्पर. विक्रेता जे वजन सांगतो ते बहुधा कोरडं वजन असतं, म्हणजे रिकाम्या टाक्यांचं, नुसत्या खोक्याचं. त्यावर काय काय चढतं ते एका उदाहरणाने पाहू:

- कोरडा कॅम्पर: १००० किलो
- एसी, ऑनिंग (बाहेर पसरवायचं कापडी छप्पर), सोलर असल्या जादा गोष्टी: १२० किलो
- चार इलेक्ट्रिक जॅक: ७० किलो
- पाणी, ११४ लिटरची टाकी भरून: ११४ किलो
- गॅसचे दोन भरलेले सिलिंडर: ३४ किलो
- लेड-अ‍ॅसिडच्या दोन बॅटऱ्या: ५५ किलो
- बांधणीचं लोखंड: ४० किलो
- कपडे, भांडी, अन्न, हत्यारं, खुर्च्या: १६० किलो
- दोन माणसं: १५० किलो

बेरीज १७४३ किलो. ‘हजार किलोचा कॅम्पर’ रस्त्यावर येईपर्यंत पावणेदोन हजारांच्या घरात जातो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा तक्ता कागदावर मांडल्याशिवाय कुठेही आगाऊ रक्कम देऊ नका. कॅम्परवर कारखान्याने लावलेलं वजनाचं लेबलही नीट वाचा. त्या वजनात किती पाणी आणि किती गॅस धरला आहे ते त्यावर लिहिलेलं असतं.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे एअरबॅग, म्हणजे ट्रकच्या मागच्या सस्पेन्शनला बसवायच्या हवेच्या पिशव्या. “मागे एअरबॅग बसवा, मग चालेल,” असं आम्हाला एका विक्रेत्याने अगदी शपथेवर सांगितलं होतं. एअरबॅग आणि जादा स्प्रिंग यांनी ट्रकचं मागचं बूड वर उचललं जातं, डुलणं कमी होतं. ट्रकची क्षमता मात्र तसूभरही वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, चाकांची बेअरिंगं तीच राहतात. आधी हिशोबात बसणारा ट्रक असावा आणि मग तो अधिक स्थिर व्हावा म्हणून एअरबॅग बसवाव्यात.

टायर विसरू नका. मागच्या अ‍ॅक्सलवर जवळजवळ सगळा कॅम्पर बसतो. टायरच्या कडेवर त्याची कमाल क्षमता लिहिलेली असते. दोन टायरांची बेरीज मागच्या अ‍ॅक्सलवर येणाऱ्या वजनापेक्षा जास्त हवी. बऱ्याच कॅम्परांना लोड रेंज (टायरची वजन पेलण्याची श्रेणी) ई किंवा त्याहून वरचे टायर लागतात, आणि टायरइतकीच रिमचीही क्षमता पाहावी लागते.

३. मापं आणि गुरुत्वमध्य

हौद्याची लांबी स्वतः टेपने मोजा. आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर साडेसहा फुटी हौद्यात बसला, तरी मागे लोंबतो आणि वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे जातं. असं झालं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगवरची पकड सुटल्यासारखी वाटते.

यासाठी कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर चढवल्यावर ती खूण मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याच्या पुढे यायलाच हवी. आसपास नव्हे, पुढे.

नव्या ट्रकांच्या हौद्याच्या भिंती उंच असतात. कॅम्परचे पंख त्यांच्यावर टेकणार असतील, तर खाली कडक फोमचे थर घालून कॅम्पर उचलावा लागतो. वर केबिनचं छत आणि कॅम्परचं नाक यांमध्ये काही इंच मोकळी जागा राहते का, तेही पाहा. खड्ड्यात ट्रक आणि कॅम्पर वेगवेगळे हलतात. मागे दुहेरी चाकांचा ट्रक असेल तर पुढचे जॅक बाहेर सरकवणाऱ्या ब्रॅकेटा लागतात, नाहीतर ट्रक जॅकांच्या मधून जात नाही.

४. ट्रकची तयारी

हौद्यात गुळगुळीत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर काढून टाका. त्यावर कॅम्पर घसरतो. जाड रबरी चटई घाला. ती स्वस्त असते आणि तिच्यासारखं काम दुसरं काही करत नाही.

बांधणीसाठी कॅम्परच्या चार कोपऱ्यांना कड्या असतात. त्या ट्रकला टर्नबकलने, म्हणजे पिळून आवळता येणाऱ्या दुव्याने, जखडायच्या. ट्रकच्या बाजूचे हुक हौद्याच्या पत्र्याला लावण्यापेक्षा खालच्या चॅसीला लावलेले चांगले. फोर्डचा एफ-१५० सन २०१५ च्या मॉडेलपासून आणि त्याचे मोठे सुपर ड्यूटी ट्रक २०१७ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचे आहेत. अशा ट्रकांना हौद्यावर बसणारे हुक लावण्याआधी ते त्या बॉडीसाठी बनवले आहेत का, हे निर्मात्याकडून लेखी घ्या.

टर्नबकल करकचून आवळणं ही नवख्यांची हमखास चूक. सगळी ताकद लावून पिळलं, तर खराब रस्त्यावर कॅम्परची कडीच सांगाड्यातून उपटून येते. स्प्रिंग असलेल्या टर्नबकलला थोडा खेळ ठेवायचा असतो. तो किती ते निर्मात्याच्या पत्रकात दिलेलं असतं.

बहुतेक कॅम्परांसाठी हौद्याचं मागचं फाळकं काढून ठेवावं लागतं. त्यात कॅमेरा असेल तर आधी वायर सोडवा, मगच बिजागरीतून उचला. कॅम्परच्या पाठीवर वेगळा कॅमेरा लगेच बसवून घ्या, कारण मागचं काहीही दिसत नाही.

५. ताबा घेण्याचा दिवस

या दिवसासाठी पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि पैशाचा शेवटचा हप्ता सगळं तपासून होईपर्यंत हातात ठेवा. नवा आहे म्हणजे निर्दोष असणार, असं धरून चालू नका.

फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर तो थंड व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगा. आमचा फ्रीज विजेवर छान चालला, गॅसवर पेटलाच नाही. “नंतर घेऊन या, करून देऊ,” असं उत्तर मिळालं. आम्ही तिथेच थांबलो आणि दुपारी तीनपर्यंत तो दुरुस्त झाला. बाहेर पडलो असतो तर पुढची तारीख काही आठवड्यांनी मिळाली असती.

तपासायचं ते असं. पाण्याची टाकी पूर्ण भरून पंप लावा आणि प्रत्येक नळाखाली, सिंकखाली, गीझरमागे हात फिरवा. चूल, भट्टी, गीझर पेटवून पाहा. चारही जॅक पूर्ण वर-खाली करा. प्रत्येक खिडकी, खण, दिवा, प्लग. शिडी लावून छतावर जा आणि सगळ्या सांध्यांवर सीलंट सलग आहे का ते पाहा. गादी उचलून कोपऱ्यात ओल आहे का ते चाचपा. पलंगाजवळची आपत्कालीन खिडकी एकदा स्वतः पूर्ण उघडा. काहींची कडी पहिल्यांदा अडकते.

जमलं तर पहिली रात्र विक्रेत्याच्या आवारात किंवा तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर काढा. जे बिघडायचं ते त्या रात्री कळतं.

६. कागदपत्रं

- विक्रीची पावती, तीत कॅम्परचा अनुक्रमांक
- निर्मात्याचं मूळ प्रमाणपत्र किंवा टायटल (मालकीचा सरकारी दाखला)
- कॅम्परची वॉरंटी, आणि फ्रीज, भट्टी, गीझर, एसी यांच्या वेगवेगळ्या वॉरंट्या. प्रत्येकाची नोंदणी स्वतंत्र करावी लागते
- विम्याचं पत्र
- ठरलेल्या आणि अजून बाकी असलेल्या दुरुस्त्यांची सही केलेली यादी

काही राज्यांत ट्रक कॅम्पर म्हणजे नुसतं सामान, काहींत त्याचं टायटल लागतं. तुमच्या राज्याच्या मोटारवाहन खात्याकडे खरेदीच्या आधीच विचारा. ट्रकच्या विम्यात कॅम्पर आपोआप येतो हा गैरसमज आहे. ट्रकवरून उतरवून अंगणात ठेवलेला असताना तो विम्यात आहे का, हा प्रश्न विमा कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

७. वीज

कारखान्यातून येणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी जड असते आणि तिची जेमतेम अर्धी क्षमता वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १२८० वॅट-तास देते, त्यातलं बहुतेक सगळं वापरता येतं, आणि वजन निम्म्याहून कमी. जिथे प्रत्येक किलो मोजायचा आहे तिथे हा पैसा सत्कारणी लागतो. फक्त शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नसते. थंडीत जाणार असाल तर स्वतःला गरम ठेवणारी घ्या किंवा ती आत, उबेला बसवा.

ट्रक चालत असताना बॅटरी भरते असं सगळे सांगतात. पण ट्रकच्या सात पिनांच्या प्लगमधली वायर बारीक असते, इतक्या अंतरावर व्होल्टेज पडतं आणि बॅटरीपर्यंत फारच थोडा प्रवाह पोचतो. त्यासाठी जाड वायर आणि डीसी-टू-डीसी चार्जर बसवून घ्या. छतावर २०० वॅटचं सोलर असेल तर बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज, दिवे आणि पंखा एवढं चांगल्या उन्हात निघतं. एसी मात्र एवढ्याशा बॅटरीवर चालेल ही अपेक्षा ठेवू नका.

८. गॅस

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसचा अलार्म खाली, जमिनीजवळ असतो. त्याच्यापुढे चपला-पिशव्या ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, धुराचा अलार्म आणि दाराजवळ अग्निशामक, या तिन्ही गोष्टी हव्यातच. अलार्मवर मुदतीची तारीख छापलेली असते. नव्या कॅम्परमध्येही ती वाचा.

साबणाचं पाणी बाटलीत घेऊन प्रत्येक जोडावर फवारा. आमच्या रेग्युलेटरपाशी बुडबुडे आले. अर्ध्या आट्याने जोड आवळल्यावर थांबले. पाच मिनिटांचं काम आहे, दर मोसमाच्या सुरुवातीला कराच.

ऊब यावी म्हणून चूल कधीही पेटती ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर असतोच, शिवाय जळणाऱ्या गॅसमधून वाफही निघते आणि सकाळी भिंतींना पाणी सुटलेलं असतं. स्वयंपाक करताना आणि झोपतानाही छताचा झरोका बोटभर उघडा ठेवा. इंधन भरायला थांबण्याआधी गॅसवर चालणारा फ्रीज बंद करा.

९. पाणी आणि संडास

नवी टाकी वापरण्याआधी शुद्ध करायची असते. दर ६० लिटर पाण्याला पाव कप, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर, बिनवासाचं घरगुती ब्लीच. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळा, टाकीत ओता, टाकी भरा, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडा, चार तास राहू द्या आणि मग वास जाईपर्यंत धुऊन काढा. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी किंवा निळी घ्या आणि ती सांडपाण्याच्या नळीपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. बाहेरच्या नळाला जोडताना मध्ये प्रेशर रेग्युलेटर लावा.

संडासाच्या दोन तऱ्हा. खाली पक्की टाकी, किंवा सुटकेससारखी बाहेर ओढून काढता येणारी कॅसेट. कॅसेट लहान असते, दोन माणसांना दोन-तीन दिवसांत रिकामी करावी लागते, पण साध्या संडासातही ओतता येते. आम्ही कॅसेट घेतली आणि पुन्हा तीच घेऊ.

गोठणाऱ्या थंडीआधी सगळं पाणी काढून नळांत गुलाबी रंगाचं, आरव्हीसाठीचं (राहत्या गाड्यांसाठीचं) अँटिफ्रीझ भरतात. गाडीच्या रेडिएटरचं चालत नाही, ते विषारी असतं.

१०. चढवणं आणि उतरवणं

पहिल्या वेळी सपाट, पक्की जागा निवडा आणि दोघं असा. एकाने चालवायचं, एकाने पाहायचं, आणि थांबायची खूण आधी ठरवून घ्यायची. कॅम्परचं नाक नेहमी शेपटीपेक्षा किंचित उंच ठेवा. चारही जॅक थोडे-थोडे, आळीपाळीने. जॅकवर असलेल्या कॅम्परखाली कुणीही जायचं नाही, मुलं आणि कुत्री लांब.

हौद्याच्या मध्यावर आणि कॅम्परच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर रंगीत टेपची पट्टी लावा. दोन्ही एका रेषेत आल्या की नेम चुकत नाही. उतरवताना क्रम कागदावर लिहून खिडकीला चिकटवा: प्लग काढला, चारही टर्नबकल सोडले, जॅक खाली टेकवून कॅम्पर उचलला, मगच ट्रक पुढे. प्लग विसरून ट्रक पुढे घेणं फार वेळा घडतं.

जवळ ठेवायची हत्यारं: टायर प्रेशर गेज, टॉर्क रेंच, जॅकचा हाताने फिरवायचा दांडा, जॅकखाली घालायला लाकडी ठोकळे, मल्टिमीटर, जादा फ्यूज, छतासाठी स्वतःहून पसरणारं लॅप सीलंट. सिलिकॉन वापरू नका, त्याच्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही.

११. पहिली फेरी

निघण्याआधी छताचा सर्वांत उंच भाग जमिनीपासून मोजा, कॅम्पर चढवलेला असताना. बहुधा तो एसी असतो. आकडा फूट-इंचांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, पाट्या त्याच मापात असतात. पेट्रोल पंपाचं छप्पर आणि झाडांच्या फांद्या यांच्यावर मात्र पाटी नसते.

पन्नास मैलांवर थांबा. टर्नबकल तपासा, चाकं काढली-बसवली असतील तर नट टॉर्क रेंचने पाहा, टायरला हात लावून जास्त तापलेत का ते पाहा. मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जा. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ते दारावरच्या लेबलांतल्या एकूण आणि अ‍ॅक्सलच्या मर्यादांशी ताडून पाहा. पाणी भरलेलं, माणसं बसलेली, सामान लावलेलं असतानाच वजन करा, रिकाम्या कॅम्परचं वजन उपयोगाचं नाही.

आमचा मागचा अ‍ॅक्सल मर्यादेच्या आत निघाला, पण फक्त ४५ किलोंनी. तीन सहलींनंतर एकदाही न वापरलेल्या सगळ्या वस्तू आम्ही बाहेर काढून ठेवल्या: दुसरी शेगडी, लोखंडी कढई, चारपैकी दोन खुर्च्या, पुस्तकांची पेटी, जाड पांघरुणं. पुढच्या फेरीत पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा ३८ किलो उतरले होते.